फौजेतून आलेले आजोबा आणि पेठेतलं दुकान: दोन पानांत काय लिहावं?

रहिमतपूरकर

नमस्कार मंडळी. आमच्या भावकीनं घराण्याची माहिती जमवून एक छोटं पुस्तक छापायचं ठरवलंय. प्रत्येक कर्त्या माणसाला दोन पानं. माझ्या वाट्याला आबा, म्हणजे माझे आजोबा, आलेत.

आबा 1940 ला मराठा पलटणीत भरती झाले आणि 1946 ला घरी आले. तिथून पुढं थेट 1991 पर्यंत रहिमतपुरात किराणा-भुसार मालाचं दुकान चालवलं. पुढच्या वर्षी गेले. माझा चुलतभाऊ म्हणतो, दोन्ही पानं लढाईवर लिही, किराणा दुकान काय गावोगावी असतं. माझं मन काही तयार होईना.

अडचण अशी की लढाईबद्दल आमच्याकडं जवळजवळ काहीच नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चार पदकं आहेत. त्यातले दोन तारे एकसारखे दिसतात, फक्त फिती वेगळ्या. डिस्चार्जचा एक कागद आहे, त्याचा खालचा अर्धा भाग वाळवीनं खाल्लाय. आबा स्वतः या विषयावर बोलायचे नाहीत. आम्ही पोरांनी विचारलं की "लांब होतो, थंडी लई होती" एवढंच.

दुकानाबद्दल मात्र किती लिहू असं होतं. सकाळी फळी उघडायच्या आधी ते वजनं पुसून लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत लावायचे, आणि ती रांग जरा वाकडी झाली तर पुन्हा लावायचे. धान्य मापताना पहिलं माप टाकताना "लाभ" म्हणायचे, मग दोन, तीन. उजव्या कानानं त्यांना अजिबात ऐकू यायचं नाही. पेठेतल्या सगळ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना हे माहीत, त्यामुळं गर्दी कायम गादीच्या डाव्या बाजूला. नवखा माणूस उजवीकडं उभा राहिला की बाकीचेच त्याला हाताला धरून इकडं आणायचे.

तर दोन गोष्टी विचारायच्यात. ते नेमके कुठं लढले हे आता कळू शकतं का? आणि अशा माणसाबद्दल लिहिताना तुम्ही काय लिहाल?

सह्यकडा

फितींचे रंग सांगा. त्यावरून निम्मं काम होईल.

रहिमतपूरकर

एक तांबडी-पांढरी-हिरवी-पांढरी-तांबडी अशी उभ्या पट्ट्यांची. दुसरी फिक्या वाळूच्या रंगाची, मधोमध जाड तांबडा पट्टा, आणि दोन्ही बाजूंना एक गडद निळी, एक फिकी निळी रेघ. तिसराही तारा आहे पण त्याची फीत गेलीय. चौथं गोल आहे.

सह्यकडा

तांबडी-पांढरी-हिरवी म्हणजे इटली स्टार. रंग त्यांच्या झेंड्याचेच. वाळूच्या रंगाची म्हणजे आफ्रिका स्टार. तिसरा बहुतेक 1939-45 स्टार, आणि गोल ते वॉर मेडल असणार. म्हणजे तुमचे आबा आफ्रिकेत होते आणि मग इटलीतही होते.

आता महत्त्वाचं. भिंग घ्या आणि ताऱ्यांची मागची बाजू व गोल पदकाची कड बघा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश शिपायांना जी पदकं दिली त्यांवर नाव कोरलेलं नसायचं, पण हिंदी सैन्यातल्या शिपायांच्या पदकांवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पॉलिश अजिबात करू नका, अक्षरं झिजतात. कडेवर पीठ किंवा खडूची भुकटी हलकेच फिरवली तर आकडे वर येतात. तो नंबर मिळाला की पुढचं दार उघडलं.

बेळगावी_कुंदा

सह्यकडा यांनी सांगितलेला नंबर मिळाला की बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. 1922 पासून मराठ्यांचं केंद्र बेळगावातच आहे. अर्जात नंबर, नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, भरतीचं साल आणि तुमचं नातं लिहा. सोबत वारसाचे कागद जोडा. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही जा, तिथून पत्र गेलं तर बरं पडतं. आणि नाव लिहिताना त्या काळच्या इंग्रज कारकुनानं काय ऐकून काय लिहिलं असेल त्याचाही विचार करा. आडनावाच्या जागी नुसतं वडिलांचं नाव असं खूपदा असतं.

जमलं तर स्वतःच बेळगावला या, केंद्राचं संग्रहालय बघा. आणि परतताना रिकाम्या हातानं जाऊ नका, माझं नाव बघून समजलंच असेल काय घेऊन जायचं ते. :)

चिपटं_मापटं

धाग्याच्या विषयाला धरूनच बोलतो, पण मला त्या "लाभ"नं पकडलं. आमच्या आजोळी फलटणला अजून एक म्हातारे मापाडी आहेत, ते तसंच मोजतात. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. आणि जुनी मापं कुणाला आठवतात का? दोन निळवी म्हणजे कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अडशिरी, दोन अडशिरी म्हणजे पायली, सोळा पायल्या मण आणि वीस मणांची खंडी. माझ्या आईला हे अजून एका दमात येतं.

वृषाली_क

सदस्यनामाचा अर्थ आज कळला!

आमच्याकडं पायली अजून आहे, पितळेची. त्यात तुळस लावलीय. आई रोज ओरडते.

माणदेशी

रहिमतपूरकर, तुमच्या चुलतभावाशी मी काही अंशी सहमत आहे. राग मानू नका. दुकानदार लाखो झाले. आफ्रिका आणि इटली दोन्ही बघून आलेला तुमच्या घरात एकच झाला. त्यानं बोलून दाखवलं नाही म्हणून आपण ते गाळायचं का?

आणि दुसरं, फौजी माणूस व्यापारात रमतो हे मला पटत नाही. माझे आजोबाही 1946 ला सुटून आले. युद्धापुरती भरती झालेल्यांना पेन्शन बसलं नाही, हातावर थोडी रक्कम घेऊन परत पाठवलं. 1945 पर्यंत हिंदी सैन्य पंचवीस लाखांवर गेलं होतं, त्यातले बहुतेक सगळे एकदम घरी. जमीन भावांत वाटलेली, नोकऱ्या नाहीत. मग दहिवडीत दुकान टाकलं. पण त्यांना 'नाही' म्हणता यायचं नाही. कुणी पलटणीतला जुना सोबती आला की उधारी, त्याचा मेव्हणा आला की उधारी. 1972 च्या दुष्काळात दुकान बसलं. लोक दगड फोडायच्या कामावर गेले, रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची आणि कामावर खायला सुकडी. उधारी कोण देणार? आजोबांनी वही विहिरीत टाकली असं घरात सांगतात. मला तो माणूस शूर वाटतो, चांगला दुकानदार वाटत नाही.

टपाल

माणदेशी, वही विहिरीत टाकणारा दुकानदार वाईट कसा? माणदेशात त्या साली ज्यांनी वह्या जपल्या त्यांनी नंतर जमिनी लिहून घेतल्या. तुमच्या आजोबांनी वही बुडवली म्हणून किती घरांच्या जमिनी राहिल्या असतील याचा विचार करा.

माणदेशी

टपाल, हे मी असं कधी पाहिलं नव्हतं. आजीनं मात्र आयुष्यभर बोल लावला. तिची पाच लेकरं होती, तिचंही चुकलं असं मी म्हणणार नाही.

अनुराधा_कुडाळ

माझे पणजोबा पहिल्या महायुद्धातले, मेसोपोटेमियात होते. त्यांचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं होतं. लढणाऱ्यांना चांदीचं, आणि सोबतच्या मजूर-खानसामे वगैरे लोकांना त्याच नमुन्याचं ब्राँझचं. आमच्या घरातलं चांदीचं पदक आजोबांच्या मुंजीत वितळवून पळी-पंचपात्र केलं. आज ती पळी बघितली की पोटात कालवतं. ज्यांच्या घरात अजून पदकं शाबूत आहेत त्यांनी ती जपा, एवढंच सांगायला लिहिलं.

सह्यकडा

अनुराधाताई, असं महाराष्ट्रभर झालंय. मेसोपोटेमियातल्याच कूतच्या वेढ्यात मराठ्यांच्या पलटणी होत्या. डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत उपाशी राहून शेवटी शरण जावं लागलं. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून त्या महायुद्धात 46 जण कामी आले, त्यांचा स्तंभ गावात उभा आहे. अशा घरांत पदकाचं पुढं काय झालं हे शोधायला गेलं तर बहुतेक ठिकाणी सोनाराकडं जाऊन थांबावं लागतं. दुष्काळी सालात चांदी ही चांदीच.

स्टँडमागे

हा धागा वाचतोय, आता लिहितोच.

इथं सगळे किराणा दुकानाबद्दल बोलताय. माझे आजोबा महार रेजिमेंटचे. ही रेजिमेंट 1941 च्या ऑक्टोबरात बेळगावलाच उभी राहिली. त्याआधी पन्नास वर्षं आमच्या लोकांची भरती जवळपास बंद होती. पहिल्या महायुद्धात 1917 ला 111वी महार पलटण काढली आणि युद्ध संपल्यावर 1921 ला मोडून टाकली. आजोबांच्या वडिलांना ते लागलं होतं, म्हणून मुलानं भरती व्हायचंच असं घरात होतं. 1947 ला पंजाबात निर्वासितांचे काफिले सांभाळून नेण्याच्या कामावर आजोबा होते. त्यावर तेही बोलायचे नाहीत.

सुटून आल्यावर त्यांनाही किराणा दुकान टाकायचं होतं. पैसे होते, हिशेब येत होता, लष्करात शिकून आले होते. पण गावात आमच्या हातचं पीठ-तेल कोण घेणार? हवालदार म्हणून सलाम करणारी माणसंसुद्धा घेत नव्हती. एका पावसाळ्यात माल किडला आणि दुकान मिटलं. मग तालुक्याला आले. एसटी 1 जून 1948 ला सुरू झाली, पुणे-अहमदनगर मार्गावर. चार-पाच वर्षांत आमच्या तालुक्यालाही स्टँड झाला. त्याच्या मागं आजोबांनी सायकलचं दुकान टाकलं, तासावर भाड्यानं सायकली. सायकलला शिवाशीव नसते. पंक्चर काढायला सगळे यायचे.

त्यांच्या दुकानात पत्र्याच्या पाटीवर भाड्याचे दर, त्याखाली "ब्रेक तपासून घ्यावा". सायकल देताना ते स्वतः ब्रेक दाबून बघायचे, चेन फिरवायचे, मगच हातात द्यायचे. रायफल तपासून घेतात तसं. त्या दुकानावर माझे वडील आणि दोन काका शिकले, एक आत्या नर्स झाली. आमच्या घरात आजोबांबद्दल लिहायची वेळ आली तर मी दुकानच लिहीन. दुकान टाकण्यासाठी जी लढाई झाली ती त्यांना कुठलंही पदक देऊन गेली नाही.

वृषाली_क

स्टँडमागे, किती नेमकं लिहिलंत. आजोबांचा सायकलसोबतचा एखादा फोटो आहे का?

स्टँडमागे

एकच आहे, 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला दीक्षा घेऊन आल्यानंतर दुकानापुढं काढलेला. घरच्यांना विचारून मग ठरवतो इथं टाकायचा की नाही.

माणदेशी

स्टँडमागे, सायकल दुकानाचं वाचून माझं आधीचं म्हणणं थोडं वेगळं मांडावंसं वाटतंय. एकच दुकान चांगलं की वाईट असं बघण्यापेक्षा कुणाला कुठलं दुकान टाकू दिलं गेलं हे आधी बघायला हवं. आमच्या आजोबांना निदान पेठेत गाळा मिळाला होता.

दूरदेशी

मी नोकरीमुळं बोलोन्यात राहतो. इथून तासाभराच्या अंतरावर फोर्ली आहे, तिथं हिंदी सैन्याची दफनभूमी आणि दहन केलेल्यांचं स्मारक आहे. आवार इतकं नीट ठेवलंय की बघत राहावं. मराठी नावं वाचत फिरलो. जाधव, शिंदे, मोरे, कदम, पवार. आपल्याकडच्या कुठल्याही शाळेचा हजेरीपट वाचावा तशी.

रहिमतपूरकर, तुमच्या आबांना थंडी लक्षात राहिली हे अगदी बरोबर वाटतं. 1944-45 चा हिवाळा इथल्या डोंगरात आणि नद्यांच्या काठी आपल्या लोकांनी चिखलात काढला. मराठ्यांना इथं दोन व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याची ब्रिटिशांची सर्वोच्च पदकं, मिळाले. नाईक यशवंत घाडगे, तिसरी बटालियन, 10 जुलै 1944, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात. सोबतचे सगळे पडल्यावर मशीनगनच्या मोर्च्यावर एकटे चालून गेले आणि तिथंच गेले. दुसरे शिपाई नामदेव जाधव, पहिली बटालियन, 9 एप्रिल 1945, सेनियो नदी. दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांतून आणलं, मग एकट्यानं मशीनगनचे मोर्चे उडवले आणि बंधाऱ्यावर उभं राहून मराठ्यांची आरोळी ठोकून बाकीच्यांना बोलावलं. मोंतोने गावात घाडगे यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक 2023 ला झालंय. तिथल्या लोकांना मी सातारा, रायगड हे नकाशात दाखवत असतो.

सह्यकडा

दूरदेशी, छान. एक भर घालतो. तिसरी बटालियन 1941 च्या मार्चमध्ये एरिट्रियात केरेनच्या लढाईत होती. तिथं लढलेल्यांनाही आफ्रिका स्टारच मिळाला. ती पुढं इटलीत आली. दुसरी बटालियन मात्र जून 1942 ला लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा तिथं होती आणि बरेच जण युद्धकैदी झाले. त्यामुळं आफ्रिका आणि इटली दोन्ही तारे म्हणजे तिसरी असण्याची शक्यता बरी आहे. पण रेकॉर्ड हातात येईपर्यंत पुस्तकात "आबा केरेनला लढले" असं छापू नका. एकदा छापलं की पुढच्या पिढीला ते खरंच वाटणार.

कृष्णाकाठ

आमचं घर कुंडलच्या बाजूचं. थोरले आजोबा पलटणीत इटलीला, आणि धाकटे इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेत. एकाच घरात! पणजीच्या नावे दर महिन्याला पलटणीची मनीऑर्डर यायची, आणि रात्री भूमिगत लोक जेवायला यायचे. पोस्टमनला दोन्ही माहीत. पोलीस आले की पणजी मनीऑर्डरच्या पावत्या पुढं करायची, "माझा ल्योक सरकारच्या बाजूनं लढतोय, आणि तुम्ही माझं घर झडता?" असं म्हणायची.

थोरले परत आल्यावर दोघा भावांनी मिळून कापडाचं दुकान काढलं. एक भाऊ खादी ठेवा म्हणायचा, दुसरा म्हणायचा गिऱ्हाईक मागेल ते ठेवू. शेवटी दोन्ही ठेवलं. दुकानात महात्माजींचा फोटो आणि पलटणीचा ग्रुप फोटो शेजारी शेजारी होते. मला वाटतं त्या पिढीच्या घराघरांत हे असंच होतं, आपणच नंतर इतिहासाचे कप्पे केले.

टपाल

कृष्णाकाठ, मनीऑर्डरचा विषय काढलात म्हणून विचारतो, रहिमतपूरकर यांना. आबा सहा वर्षं बाहेर होते. आजी आणि लेकरं घरी. दर महिन्याला पैसे येत असणार. ते कशात गेले? आणि 1946 ला दुकानाला भांडवल कुठून आलं? सुटताना मिळालेल्या रकमेत पेठेतलं दुकान उभं राहत नाही. घरात कुणी जुनं माणूस असेल तर हे विचारा. लढाईचं रेकॉर्ड बेळगावला मिळेल, हे मिळणार नाही.

रहिमतपूरकर

उशीर झाला, माफ करा. टपाल यांच्या प्रश्नामुळं थोरल्या आत्याला फोन केला. ती 1937 ची, पण आठवण लख्ख. सगळं लिहून काढलंय, जसंच्या तसं देतो.

दुकान आबांनी सुरू केलंच नव्हतं. आजीनं केलं, 1944 ला. मनीऑर्डरीतले पैसे साठवून तिनं गुळाची एक ढेप आणि शेंगदाण्याचं पोतं घेतलं आणि घराच्या सोप्यात बसली. युद्धामुळं सगळ्याची टंचाई, साखर-रॉकेल मिळायची मारामार. लोक गुळावर आले होते. आजीला लिहिता येत नव्हतं. आत्या तेव्हा दुसरीत. शाळेतून आली की आजी दिवसभराचं तोंडी सांगायची आणि आत्या पाटीवर लिहायची, मग वहीत. कोणी कोणी उधार नेलं ते आजी चुलीच्या कोळशानं भिंतीवर खुणा करून ठेवायची. पाटलीणबाईंची बांगडी, सुताराचा करवत, कुंभाराचं मडकं. पुढं रेघा. रेघ म्हणजे आणा, आडवी मारली की फिटलं.

आबा परत आले ते संध्याकाळी. आत्या म्हणते, घरात न जाता आधी सोप्यात उभे राहिले, भिंतीवरच्या खुणा बघत. आजीला म्हणाले, "सुताराचं किती राहिलंय?" पहिलं वाक्य हे.

पेठेत गाळा दोन वर्षांनी घेतला. पाटीवर नाव आबांचं.

वृषाली_क

सुताराचं किती राहिलंय! परत परत वाचतेय.

अनुराधा_कुडाळ

आत्याबाईंचा आवाज रेकॉर्ड करा. आजच. उद्या नाही.

माणदेशी

रहिमतपूरकर, आता मी पूर्ण उलट्या बाजूला आलोय. दोन्ही पानं दुकानावर लिहा आणि त्यातलं पहिलं आजीवर. चुलतभावाला माझा निरोप सांगा.

कृष्णाकाठ

नाही, लढाई वगळू नका. आजीनं दुकान काढलं कारण आबा तिकडं होते आणि पैसे तिकडून येत होते. थंडीत चिखलात पडलेल्या माणसाच्या पगारातून गुळाची ढेप आली. हे दोन वेगळे विषय नाहीतच.

मोडीवाचक

वह्या शिल्लक आहेत का? त्याबद्दल कुणीच विचारलं नाही.

रहिमतपूरकर

आहेत. माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या, लक्ष्मीपूजनाच्या वह्या. काल दोन काढल्या. पहिल्या पानावर 'श्री' आणि हळदकुंकू. 1944-46 ची आत्याच्या पोरसवदा अक्षरातली. 1946 च्या पुढच्या वहीत मात्र मराठी कमी आणि इंग्रजी अक्षरं जास्त, पण ती इंग्रजी नाही. 'चावल', 'नमक', 'बाकी', असं हिंदी इंग्रजी अक्षरात. हे काय प्रकरण आहे? आबांची शाळा तर चौथीपर्यंतच.

मोडीवाचक

ते रोमन हिंदुस्थानी. त्या काळच्या फौजेत शिपायांना शिकवायची भाषा ती होती, हिंदुस्थानी बोली आणि रोमन लिपी. त्यात परीक्षा असायच्या, दाखले मिळायचे, बढतीला उपयोग व्हायचा. तुमच्या आबांनी वाचन-लेखन पलटणीत पक्कं केलं आणि तेच घेऊन दुकानात बसले. या वह्या जपा. लढाईची कागदपत्रं सरकारी असतात. पलटणीत शिकलेला शिपाई घरी येऊन मिठाचा हिशेब कसा लिहीत होता हे दाखवणारा कागद फार थोड्या घरांत उरलाय.

आणखी एक बघा. 1957 च्या वहीत 1 एप्रिलचं पान काढा. त्या दिवशी नवे पैसे आले.

रहिमतपूरकर

काढलं. पानाच्या वर आबांनी तक्ता केलाय: 1 आणा 6, 2 आणे 12, 3 आणे 19, 4 आणे 25. आणि खाली मराठीत एकच ओळ, "सुट्या आण्याला गिऱ्हाइकाकडून पाऊण पैसा घेऊ नये." अधोरेखित.

चिपटं_मापटं

नव्यांसाठी: रुपयाचे आणे सोळा आणि नवे पैसे शंभर, म्हणून एका आण्याचे खरे सव्वासहा नवे पैसे होतात. सहा घेतले तर दुकानदाराला पाव पैसा तोटा, सात घेतले तर गिऱ्हाइकाला पाऊण पैशाचा. कित्येक दुकानदारांनी सरसकट सात घेतले म्हणून बाजारात भांडणं झाली होती, माझे आजोबा सांगायचे. तुमच्या आबांनी तोटा स्वतःकडं घेतला. चार वेळा आण्याचा माल नेला की एक पैसा गेला. दिवसाला शंभर गिऱ्हाइकं धरा!

स्टँडमागे

ही ओळ पुस्तकात हवी. पानाच्या फोटोसकट.

सह्यकडा

आणि पदकावरचा नंबर?

रहिमतपूरकर

हो, तेच सांगायचं होतं. खडूच्या भुकटीनं नंबर आणि नाव स्पष्ट आलं, हुद्दा नाईक. आम्ही सगळे त्यांना शिपाई समजत होतो. बेळगावला अर्ज टाकतोय, सैनिक कल्याण कार्यालयात सोमवारी जातो. बटालियनचं उत्तर येईपर्यंत लढाईचं नाव छापणार नाही.

चुलतभावाशी बोललो. त्याला आत्याचं रेकॉर्डिंग ऐकवलं. आता तो म्हणतोय दोन पानांत बसणार नाही, चार घे, आणि मथळ्यात आबांच्या आधी आजीचं नाव टाक. भावकीतल्या दोन काकांना ते मान्य नाही, पाटीवर नाव आबांचं होतं म्हणतात. ती बैठक पुढच्या रविवारी.

माणदेशी

बैठकीला 1944 ची वही घेऊन जा. पहिल्या पानावर तारीख असेलच.

मोडीवाचक

घेऊन जा, पण हातोहात फिरवू नका. त्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता. शिवण उसवली असेल तर चिकटपट्टी लावू नका, सुती दोऱ्यानं बांधा. आणि पुन्हा माळ्यावर ठेवू नका. ज्या वाळवीनं डिस्चार्जचा कागद खाल्ला ती तिथंच कुठं तरी आहे.